सोमवारी मामांनी काय केलं?

रविवारी आमच्या घरी भाकरी लवकर थापतात. सातच्या आत जेवणं उरकली पाहिजेत, कारण 'महाएपिसोड' असतो. आठवडाभर त्याची जाहिरात चाललेली असते. ढोलांचा आवाज, भंडाऱ्याची उधळण, धुळीतून संथपणे पुढे येणारी पावलं आणि एक भारदस्त आवाज: येत्या रविवारी, दोन तासांचा विशेष भाग. आज्जी तो चुकवत नाही. टीव्हीपुढे उदबत्ती लावते, पदर डोक्यावर घेते आणि भिंतीला टेकून बसते. शेजारच्या काकू येतात त्या चपला उंबऱ्याबाहेर काढून. एरवी त्या चपलांसकट पार पडवीपर्यंत येतात.

गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या कडेचं. ऊस, केळी आणि धरणातली मासेमारी. मी पुण्यात शिकते, पण सुट्टीला गेले की आज्जीच्या शेजारी बसून तो महाएपिसोड बघते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिखाण गावातल्या बायांना अडाणी ठरवायला लिहिलेलं नाही. त्या दोन तासांत मीही रडलेय.

तरीही माझं म्हणणं सरळ आहे. मराठी वाहिन्यांवरचे हे चरित्रमालिकांचे महाएपिसोड थोर माणसाचं चरित्र सांगत नाहीत, ते चरित्र खाऊन टाकतात. माणसाच्या आयुष्यातला एक अजब दिवस उचलायचा, तो दोन तास ताणायचा आणि बाकीचे हजारो दिवस त्या एका दिवसाची वाट बघण्यात घालवायचे, असा हा धंदा आहे. त्यात नुकसान त्या थोर माणसाचं होतं आणि आपलंही होतं. आपलं कसं होतं, ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी आज्जीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. तालुक्याला मोफत शिबिर होतं. आज्जी गेली नाही. पुढच्या शिबिरालाही गेली नाही. मधल्या काळात एका महाएपिसोडमध्ये एका आंधळ्या बाईच्या डोळ्यांना अंगारा लावतात आणि तिला दिसू लागतं, असा प्रसंग झाला होता. मालिकेचं नाव घेत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. तो प्रसंग बघून आज्जीनं ऑपरेशन टाळलं असं म्हणणं खोटं होईल. तिला ऑपरेशनची भीती वाटत होती. घरात पैशांची ओढाताण होती. ऊसतोडीचे दिवस होते, तिला घेऊन कोण जाणार हाही प्रश्न होता. पण त्या प्रसंगानं तिच्या भीतीला एक चांगलं नाव दिलं. भीती म्हटली की घरचे रागावतात, श्रद्धा म्हटली की गप्प बसतात. आम्ही गप्प बसलो.

एका रात्री तिचा डोळा लालभडक झाला. डोकं फुटल्यासारखं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार पिकला, त्यानं डोळ्यातला दाब वाढला आणि आतली नस खराब झाली. त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन वेळेत झालं म्हणून ती आज टीव्ही बघू शकते.

ऑपरेशननंतरच्या एका रविवारी ती पुन्हा भिंतीला टेकून बसली होती. पुन्हा कुणाचं तरी दुखणं क्षणात बरं झालं. काकूंनी हात जोडले. आज्जी मात्र म्हणाली, "बरी झाली, ब्येस झालं. पर दुसऱ्या दिशी तिनं काय केलं, ते कुटं दावत्यात?"

या लेखात माझं म्हणून फार काही नाही. आज्जीचा हा प्रश्न मी फक्त लांबवला आहे.

महाएपिसोड म्हणजे काय ते आधी नीट बघू. रोजचा भाग अर्ध्या तासाचा असतो. महाएपिसोड तासाचा, दोन तासांचा, बहुतेक रविवारचा. जन्म, साक्षात्कार, लग्न, राज्याभिषेक, मोठा चमत्कार, शत्रूचा पराभव, समाधी हे त्याचे ठरलेले मुहूर्त. आधी आठवडाभर जाहिरात, त्याच्या आधी आठवडाभर कथा एका जागी थांबलेली. रोजच्या भागात कुणीतरी दारात उभं राहतं, सगळे एकेक करून त्याच्याकडे बघतात, वीज कडाडते आणि भाग संपतो. दार उघडतं ते रविवारी.

यामागचं गणितही साधं आहे. देशभरातल्या निवडक घरांत बसवलेली यंत्रं कोण काय बघतं ते नोंदवतात आणि दर गुरुवारी वाहिन्यांना आकडे मिळतात. त्या आकड्यांवर जाहिरातीचा दर ठरतो. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात: १० मिनिटं इतरांच्या आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या. म्हणजे दोन तासांत २४ मिनिटं. जो प्रेक्षक अर्ध्या तासानं उठून गेला असता तो दोन तास बसून राहिला, तर तेवढ्या जाहिराती त्याच्यापुढून जातात. साबण, मसाला, सोनं, सिमेंट. उरली ९६ मिनिटं. आमच्या करमाळ्यात या आकड्याला मान आहे. निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेल्या कमलादेवीच्या मंदिराजवळची विहीर ९६ पायऱ्यांची म्हणून ओळखली जाते. फरक इतकाच की त्या ९६ पायऱ्या उतरून गेलं की खाली पाणी लागतं.

धंदा करण्यात पाप नाही. वर्तमानपत्रही जाहिरातींवर चालतं. प्रश्न असा आहे की हे गणित चरित्राला काय करायला लावतं. ज्या दिवशी काहीतरी अचाट घडतं त्याच दिवसाला किंमत. ज्या दिवशी माणूस नुसता कामाला गेला, थकला, घरी आला, त्या दिवसाची किंमत शून्य. आता एक हिशेब करा. बाळूमामा ३ ऑक्टोबर १८९२ ला अक्कोळला जन्मले आणि ४ सप्टेंबर १९६६ ला आदमापूरला गेले. जवळपास ७४ वर्षं, म्हणजे सुमारे सत्तावीस हजार दिवस. त्यांच्या नावानं सांगितले जातात ते सगळे चमत्कार खरे धरले, रोज एक नवा चमत्कार असता तरी वर्षा-दोन वर्षांत संपले असते. मग उरलेल्या पंचवीस हजारांहून जास्त दिवसांत मामा काय करत होते?

मेंढरं राखत होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ऑगस्ट २०१८ मध्ये कलर्स मराठीवर 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं' सुरू झाली, तेव्हा आमच्या गावातल्या धनगर घरांना काय वाटलं ते मी बघितलंय. टीव्हीवरची मराठी घरं म्हणजे दिवाणखाना, जिना, सोफा आणि कारस्थानी काकू. त्यात अचानक खांद्यावर घोंगडं टाकलेला, फेटा बांधलेला माणूस रोज संध्याकाळी नायक म्हणून दिसायला लागला. माझ्या वर्गातल्या एका मुलाला शाळेत 'ए मेंढक्या' म्हणून चिडवायचे. ती मालिका लागल्यावर तोच मुलगा हळदीचा मळवट भरून शाळेत आला आणि कुणी हसलं नाही. ही लहान गोष्ट नाही. पाच वर्षांहून जास्त काळ एका मेंढपाळाचं आयुष्य मराठी घराघरांत पोचलं, ही त्या मालिकेची कमाई आहे आणि ती कुणी हिरावून घेऊ नये.

म्हणूनच राग जास्त येतो. मेंढपाळाला नायक केलं आणि मेंढपाळी बाजूला ठेवली.

बाळूमामांच्या नावाच्या मेंढरांचे कळप आजही गावोगाव फिरतात. लोक त्यांना 'बग्गा' म्हणतात. आमच्या शिवारात बग्गा उतरला होता तेव्हा मी दोन दिवस तिथं घुटमळत होते. पहाटे अंधारात माणसं उठतात. रात्री मेंढरं ज्या जाळ्यात कोंडलेली असतात ती वाघर उचलायची, आधी मेंढरं मोजायची. रात्रीत व्यालेली मेंढी बाजूला काढायची, तिच्या कोकराला कोरडं करायचं. लंगडणाऱ्या मेंढीचा खूर बघायचा. ज्या शेतकऱ्यानं रानात मेंढरं बसवायला बोलावलंय त्याच्याशी बोलायचं, कारण एका रात्रीत पडणाऱ्या लेंड्या आणि मूत हे त्याच्या जमिनीचं खत असतं. मग रस्ता ओलांडायचा. हायवेवर शंभर-दोनशे मेंढरं पार करणं म्हणजे काय, ते ट्रकवाल्याची शिवी खाल्ल्याशिवाय कळत नाही. दुपारी सावली शोधायची, पाणी शोधायचं. कुणाच्या उभ्या पिकात तोंड घातलं तर हात जोडायचे. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस द्यायची, नाहीतर सकाळी चांगली दिसलेली मेंढी संध्याकाळी आडवी होते. लोकर कातरायची आणि तिला भाव नाही म्हणून बघत बसायचं.

लस सोडली तर मामांचा दिवस यापेक्षा फार वेगळा नसणार. सीमेवरच्या गावांत मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा, कळप घेऊन चालणारा माणूस. लोक त्याच्याभोवती का जमले? मी भक्त नाही, तेव्हा माझं उत्तर भक्ताचं नाही. मला वाटतं, जो माणूस रोज शंभर जिवांची मोजदाद करतो, एक कमी भरला तर पुन्हा मागे जातो, त्याच्यापुढे आपलं दुखणं सांगावंसं लोकांना वाटत असणार. चमत्कार असलाच तर तो या मोजदादीतून उगवला असणार. रोजच्या भागात कधीमधी हे काम दिसतं, नाही असं नाही. पण रविवारी ते गायब होतं. महाएपिसोडमध्ये मेंढरं मागे उभी असतात, देवळात मागे पडदा असावा तशी. मामा पुढे उभे राहतात, हात वर करतात आणि प्रकाश पडतो.

हेच अक्कलकोटच्या स्वामींचं. तेही आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले. साधारण १८५६ ला ते अक्कलकोटला आले, ३० एप्रिल १८७८ ला त्यांनी देह ठेवला. २२ वर्षं, आठ हजार दिवस. चोळप्पाच्या घरी राहिले. एका गरीब घरात इतका मोठा पाहुणा इतकी वर्षं असेल, तर त्या घरातल्या बाईचं काय होत असेल? सकाळ-संध्याकाळ किती लोकांचं पीठ मळत असेल? पाणी कुठून आणत असेल? कधी कंटाळत असेल, कधी भांडत असेल. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'जय जय स्वामी समर्थ'नं हजारावर भाग केले. मला या बाईच्या पिठाचा एक दोन तासांचा रविवार हवा होता.

आता कुणी म्हणेल, असू दे की. चमत्कार बघून कुणाचं काय बिघडतं? चार घटका मन शांत होतं.

आमच्या तालुक्यात काय बिघडलं ते सांगते. २०२१ मध्ये करमाळा तालुक्यातल्या एका गावचा मठ राज्यभर बातम्यांत आला. तिथं बाळूमामांच्या नावावर गर्दी जमत होती. आदमापूरच्या देवस्थानानं आपला त्याच्याशी संबंध नाही असं सांगितलं, फसवणुकीच्या तक्रारी झाल्या, पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. कोण दोषी, कोण निर्दोष ते कोर्टाचं काम, मी इथे कुणाचं नाव घेत नाही. मला बोलायचंय ते गर्दीबद्दल. त्या रांगेत आमच्या ओळखीची माणसं उभी होती. गुडघेदुखीवाली, मूल न होणारी, कर्ज डोक्यावर घेतलेली. त्यांना कुणी पकडून नेलं नव्हतं. रांग मालिकेनं लावली असंही मी म्हणत नाही. मालिका नव्हत्या तेव्हाही रांगा होत्या. पण थोर माणसाकडे जायचं ते क्षणात मोकळं होण्यासाठी, ही सवय दर रविवारी घटवून घेतली जात असेल, तर रांगेतल्या माणसाला तरी आपण कोणत्या तोंडानं हसायचं?

इथे आपला कायदा एक मजेदार गोष्ट सांगतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात एक सूट आहे: होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगायला, त्यांचा प्रसार करायला मुभा आहे. ही सूट मला पटते. ती नसती तर कीर्तनकाराला आणि हरिपाठाला बसलेल्या म्हाताऱ्यांना तुरुंगात टाकावं लागलं असतं. पण या दोन कलमांच्या मध्ये एक फट आहे. गेलेल्या संताचा चमत्कार दोन तास दाखवून जाहिराती विकायला परवानगी, आणि तोच चमत्कार उद्या जिवंत माणसानं करून दाखवतो म्हटलं की गुन्हा. एकजण भूक तयार करतो, दुसरा ताट वाढतो. पोलीस येतात ते दुसऱ्याकडे. पहिल्याला शिक्षा द्या असं मी म्हणत नाही. फक्त आपण भूक तयार करतोय एवढं त्यानं कबूल करावं.

आता या सगळ्याच्या उलट बाजूचं एक उदाहरण. जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' सुरू झाली. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या आयुष्यावरची मालिका. ओंकार गोवर्धन आणि अश्विनी कासार. डिसेंबर २०२० मध्ये, वर्ष पुरं व्हायच्या आत, ती बंद झाली. कारण सांगितलं गेलं: प्रेक्षक कमी. बऱ्याच लोकांनी तेव्हा हळहळून पोस्टी लिहिल्या. त्यातल्या किती जणांच्या घरी ती लागत होती कोण जाणे. आमच्या घरी लागत नव्हती. हे मी स्वतःलाही सुनावतेय.

पण प्रेक्षक कमी का, हा प्रश्न मला आज्जीच्या डोळ्यानंतर वेगळा दिसायला लागला. सावित्रीबाईंच्या शेवटच्या दिवसांत महाएपिसोडला लागतं ते सगळं आहे. १८९७ साल, पुण्यात प्लेग. घरं ओस पडलेली, माणसं शहर सोडून पळतायत. पासष्टी गाठलेली ही बाई उलट आजाऱ्यांकडे जाते. तिचा मुलगा डॉक्टर यशवंत पुण्याबाहेर ससाण्यांच्या माळावर दवाखाना थाटतो. आजारी पडलेल्या एका मुलाला ती स्वतः पाठीवर घेऊन तिथं आणते. १० मार्च १८९७ ला प्लेगनं तिचा मृत्यू होतो.

ढोल लावा, संथ पावलं दाखवा, सगळं जमेल. एक गोष्ट जमणार नाही. महाएपिसोडमधला संत रोग्याला हात लावतो आणि रोगी बरा होतो, संताला काही होत नाही. सावित्रीबाईंनी रोग्याला हात लावला आणि त्या मेल्या. दोन्ही ठिकाणी हात लावण्याचीच गोष्ट आहे. पण पहिली गोष्ट बघून आपण हात जोडतो आणि झोपतो. दुसरी बघून झोप लागत नाही, कारण ती विचारते: तुझ्या शेजारी ताप आला तर तू जाशील का? चमत्कार आपल्याला मोकळं करतो. ते देव होते, आपल्याला कसं जमणार, असं म्हटलं की विषय संपला. माणूस म्हणून दाखवलेला माणूस मात्र आपल्या मागे लागतो.

१८ जानेवारी १९४३ ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला डॉ. आंबेडकर बोलले, ते भाषण पुढे 'रानडे, गांधी आणि जिना' या नावानं छापलं गेलं. गौरवाच्या कार्यक्रमाला बोलावलेला वक्ता गौरव करून मोकळा होतो. बाबासाहेबांनी आधी विचारलं की मोठा माणूस कशावरून ठरवायचा. थोर माणसाबद्दल मनापासून आदर वाटण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. डोळे मिटून त्याच्या मागे जाणं त्यांना घातक वाटत होतं. आणि थोरपणाची त्यांची कसोटी अगदी घरगुती होती: जो समाजाची घाण काढतो, तो थोर. झाडू मारण्याचं काम एका रविवारचं नसतं. ते रोज करावं लागतं, आणि आज झाडलेलं उद्या पुन्हा घाण होतं.

माझ्या ओळखीचा एक मुलगा मुंबईत मालिकांचं लेखन करतो. त्याला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, तुझं खरं आहे, पण मेंढरं मोजताना दाखवली तर लोक चॅनेल बदलतील. रोजच्या दिवसात नाट्य नसतं.

हे कारण मला मान्य नाही, आणि ते मान्य नसायला मला लांब जावं लागत नाही. जेऊर हे आमच्याच तालुक्यातलं रेल्वे स्टेशनचं गाव. तिथल्या नागराज मंजुळ्यांनी 'फँड्री'त एक कुटुंब डुकरं पकडताना दाखवलं. चमत्कार नाही, तलवार नाही. गावातली माणसं बघायला जमतात, पोरगा शाळेतल्या मुलीपासून तोंड लपवतो, डुक्कर निसटतं. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी थांबतात. मराठी पडद्यावर त्याहून जास्त नाट्य मी क्वचितच बघितलंय. आणि ते एका कामाच्या दिवसाचं नाट्य आहे.

संतांच्याच गोष्टी हव्यात, तर प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या, १९३६ चा. फिल्म साधारण सव्वादोन तासांची, म्हणजे बरोबर एका महाएपिसोडएवढी. त्यात चमत्कार आहेत, विमानही आहे. पण लोकांच्या लक्षात राहिली ती जिजाई. घरात दाणे नाहीत म्हणून नवऱ्यावर करवादणारी, पोर आजारी पडलं तर चप्पल हातात घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारायला निघालेली. ती होती म्हणून तो तुकाराम खरा वाटला. देवापुढे चुलीचा हिशेब मांडणारं कुणीतरी त्या घरात होतं.

आणि आमच्या शेजारच्या माढा तालुक्यात अरण आहे, सावता माळ्यांचं गाव. परंपरा सांगते की पंढरपूर इतकं जवळ असून हा माणूस वारीला गेला नाही. मळ्यात काम होतं. त्याच मळ्यात त्याला देव दिसला, आणि शेवटी देवच त्याला भेटायला अरणला आला. आठवडाभर पालखी रंगवणाऱ्या या मुलखानं, वारीला न गेलेल्या माणसाला संत म्हणून डोक्यावर घेतलं. विचार करा, वाहिनीच्या हिशेबात बसतं का हे? सावता माळ्यांचा महाएपिसोड म्हणजे एक माणूस दोन तास भाजीला पाणी देतोय. पण आपल्या पूर्वजांच्या हिशेबात ते बसलं होतं. जनाबाईच्या गोष्टीतही देव येतो तो जातं ओढायला. म्हणजे रोजच्या कामाला नाट्य नसतं, ही अक्कल आपली नाही. ती गुरुवारच्या आकड्यांची आहे.

तर माझी मागणी काय? चमत्कार बंद करा असं मी म्हणत नाही. आज्जीचा रविवार मला हिसकावून घ्यायचा नाही. मला फक्त सोमवार हवाय. वर्षातून एक महाएपिसोड असा करा ज्यात काहीही अचाट घडत नाही. मामा पहाटे उठतात, वाघर उचलतात, मोजतात, एक मेंढी कमी भरते आणि दिवसभर ती शोधतात. दोन तास. मधे २४ मिनिटं जाहिराती घाला, हरकत नाही. ढोल मात्र नको. लोकांनी खरंच चॅनेल बदललं तर मी माझे शब्द मागे घेईन.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय. तुमच्या घरीही रविवारी कुणीतरी भिंतीला टेकून बसत असेल. त्यांची चेष्टा करून आतल्या खोलीत जाऊ नका. दोन तास शेजारी बसा आणि भाग संपला की विचारा: आज्जी, सोमवारी यांनी काय केलं असेल गं? बघा काय उत्तर येतं. त्यांना जास्त माहीत असतं. सत्तर वर्षं त्यांनी सोमवारच काढलेले असतात.

आमच्या आज्जीच्या उजव्या डोळ्यात ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. आई रानातून दुपारी परत यायची, हात धुवायची, थेंब घालायची, पुन्हा रानात जायची. सकाळचे आणि रात्रीचे थेंब बाबा घालायचे, एक वेळ मी. दीड महिना हे चाललं. एकदाही चुकलं नाही. आज्जीला आता टीव्हीवरची माणसं स्पष्ट दिसतात. परवा म्हणाली, "त्या मामांच्या फेट्याला खालनं ठिगाळ हाय, आदी कळायचंच न्हाई."